क्रूझवरच्या माया सहली: कोणते अवशेष निवडावेत, कोणते सोडावेत

आमच्या दारव्हा-दिग्रसकडची बरीच पोरं आता ह्यूस्टनला आहेत. आईवडील तिकडे गेले की पोरं हौसेनं कॅरिबियन क्रूझचं तिकीट काढतात, कारण गॅल्व्हेस्टनचं बंदर तिथून गाडीनं तासाभरावर आहे. जहाज मेक्सिको आणि बेलीझच्या किनाऱ्याला लागतं, आणि प्रत्येक बंदरावर माया लोकांच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, जुन्या शहरांच्या सहली विकायला असतात. पत्रकात सगळ्याच सहली सारख्याच सुंदर दिसतात. त्यातल्या कोणत्या खरंच घ्याव्यात हे आपल्या माणसांना कोणीतरी आपल्या भाषेत सांगावं, म्हणून लिहायला बसले. आमच्या जहाजावर भेटलेली मराठी मंडळी चिचेन इत्सा हे एकच नाव धरून बसली होती. माझं मत त्याच्या उलट आहे.

आम्ही म्हणजे मी, आमचे हे, मुलगा आणि सूनबाई. संक्रांत झाली, कापसाची वेचणी बरीचशी आटोपली, मग निघालो. जानेवारी हा तिकडचा कोरडा हंगाम, तेव्हा दिवस चांगले मिळाले. जहाजाचे थांबे होते कोस्टा माया, बेलीझ सिटी आणि कोझुमेल.

माझी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली, इतिहास-भूगोल शिकवण्यात. शाळेच्या सहली एसटीची गाडी ठरवून मार्कंड्याला, लोणारला न्यायचे. वैनगंगेच्या काठी मार्कंड्याच्या देवळात पोरांना दोन तास मोकळं सोडलं की ती भिंतीवरच्या मूर्ती शोधतात, हा कोण, तिच्या हातात काय, असं विचारून भंडावून सोडतात. तेच एका दिवसात तीन ठिकाणं उरकली की घरी गेल्यावर त्यांना बसमधला दंगाच आठवतो. म्हणून क्रूझच्या सहलींचं पत्रक हाती आल्यावर मी आधी फोटो पाहिले नाहीत. एका कागदावर प्रत्येक सहलीचे तास मांडले. पत्रकात ‘सात तास’ लिहिलेलं असतं त्यात धक्क्यावरची रांग, बोट, बस, जेवण, दुकानाचा थांबा असं सगळं धरलेलं असतं. प्रत्यक्ष अवशेषांपाशी किती वेळ मिळणार, हे काउंटरवर जाऊन विचारावं लागतं. विचाराच. तिथल्या मुलीनं आम्हाला नीट सांगितलं, आणि त्या एका प्रश्नानं आमची अर्धी यादी गळून पडली.

पहिलं गळालं ते चिचेन इत्सा. ती जागा मोठी आहे यात वादच नाही. कुकुल्कान या सर्पदेवाच्या पिरॅमिडला चारी बाजूंना 91-91 पायऱ्या आहेत, माथ्याचा चौथरा धरला की बेरीज 365 होते. मार्च आणि सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा मावळतीच्या उन्हात त्या जिन्याच्या कठड्यावर सावलीचा साप उतरताना दिसतो. चेंडूच्या खेळाचं मैदान 168 मीटर लांब आहे. 1988 साली युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून नोंद केली. हे सगळं मी वर्गात शिकवलेलं, तेव्हा पाय तिकडेच ओढत होते. पण चिचेन इत्सा मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात, आत जमिनीवर, आणि कोझुमेल हे बेट. आधी फेरीबोटीनं प्लाया देल कार्मेन गाठायचं, तिथून बसनं अडीच-तीन तास, आणि तेवढंच परत. जहाज बंदरात उभं राहतं तो जवळजवळ सगळा वेळ रस्त्यावरच जातो. दुपारच्या भर उन्हात गर्दीत पोचायचं, पिरॅमिड दोरीबाहेरून पाहायचा, कारण 2006 पासून त्यावर चढू देत नाहीत, आणि घड्याळाकडे पाहत परत फिरायचं. साप दिसायचा तर तो मार्चात.

हे म्हणाले, ‘काहून वं, एवढ्या दूर आलो अन् मोठं सोडून लहान पाहायचं?’ मी कागद पुढे केला. आयुष्यभर मजुरी, खत, फवारणी यांचे हिशेब मांडलेला माणूस. तासांचा हिशेब पाहिल्यावर त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

चिचेन इत्सा पाहायचंच असेल तर प्रोग्रेसोला थांबणारं जहाज निवडा. गॅल्व्हेस्टनहून निघणारी काही छोट्या मुदतीची जहाजं तिथे जातात, आणि तिथून बसनं दोन तासांच्या आसपास लागतात. प्रोग्रेसोला उतरायचा योग आला तर मी मात्र उश्मल घेईन. ते त्याहून जवळ आहे. त्या भागात नदी नाही, युकातानात इतरत्र असतात तसे पाण्याचे नैसर्गिक डोहही नाहीत. पावसाचं पाणी जमिनीत खोदलेल्या टाक्यांत साठवून तिथे अख्खं शहर जगलं. म्हणून भिंतीभिंतीवर लांब नाकाच्या चाकचे, म्हणजे पावसाच्या देवाचे, मुखवटे आहेत. कोरडवाहू शेती करणाऱ्या माणसानं पाहावं असं ते शहर आहे.

आता आम्ही पाहिलेल्या जागांकडे येते.

कोस्टा मायाचं बंदर जहाजांसाठीच 2001 साली उभारलं. धक्क्यावरची दुकानं, तरणतलाव, नाचगाणी यांत अडकलात तर दिवस तिथेच संपतो. आम्ही सकाळची पहिली सहल घेतली, चाकचोबेनची. बसनं जेमतेम तास लागतो, रस्ता सरळ आणि दोन्ही बाजूंना झाडी. आमची गाइड तिशीची, घरात आजीशी माया भाषेतच बोलणारी. माया लोक नाहीसे झाले असं आपल्याकडे अनेकजण धरून चालतात. शहरं ओस पडली, लोक राहिले. युकातान द्वीपकल्पात आजही लाखो लोक घरी ती भाषा बोलतात. बसमध्येच तिनं आम्हाला माया अंक शिकवले: एक म्हणजे टिंब, पाच म्हणजे आडवी रेघ, शून्य म्हणजे शिंपला, आणि दहाऐवजी विसाच्या पटीनं मोजणी. शून्य आपल्यापासून हजारो मैलांवर या लोकांनी स्वतंत्रपणे शोधलं होतं. मी वहीत 1 ते 40 लिहून काढले, तिनं ते तपासून दिले. बसचा तास असा वापरणारी गाइड मिळाली तर सहलीचे पैसे तिथेच निम्मे फिटतात.

चाकचोबेन लहान आहे. तिथल्या बांधकामाचा मोठा भाग इ.स. 700 च्या आसपासचा. 1940 च्या दशकात एक माया माणूस या जंगलात आला आणि या ढिगाऱ्यांच्या शेजारीच घर करून कुटुंबासह राहिला. पुरातत्त्वाची नोंद 1972 साली झाली आणि सामान्य लोकांसाठी दारं उघडली ती 2002 साली. म्हणून झाडी अजून राखलेली आहे. उंच झाडांच्या सावलीतून चालत जायचं आणि एकदम समोर पिरॅमिड उभा राहतो, माथा पानांत गेलेला. काही दगडांवर जुन्या लाल रंगाचे अंश अजून आहेत. ही सगळी देवळं एके काळी लाल रंगवलेली होती हे ते डाग पाहिल्याशिवाय पटत नाही.

वाटेत गाइडनं एका खोडावरचे नागमोडी वार दाखवले. चिकूचं झाड. त्याचा चीक काढून चघळायचा गोंद करत, त्यासाठी माणसं महिनोन्महिने जंगलात राहायची, आणि कितीतरी पडकी शहरं त्या चीक काढणाऱ्यांनाच आधी दिसली. आपण घराघरात खातो तो चिकू मूळचा या जंगलातला. मिरची, पेरू, सीताफळ हीसुद्धा त्याच मुलखातून आपल्याकडे आली. भिवापूरच्या मिरचीच्या देशातून आलेल्या बाईला हे उभ्या उभ्या ऐकून फार बरं वाटलं.

पण चाकचोबेनमध्ये मला सगळ्यात आवडलेली गोष्ट दगडांत नव्हती. पाऊस लांबला की गावं काय करतात, असं मी विचारलं. ती म्हणाली, गावाबाहेर फांद्यांचा मांडव घालतात, मधे वेदी, मक्याच्या जाड भाकरी आणि पेय ठेवतात, जाणता पुजारी चाकला बोलावतो, आणि वेदीच्या चार कोपऱ्यांना लहान पोरं बसवतात. ती पोरं बेडकासारखी ओरडत राहतात. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहतच राहिलो. आमच्या गावात मृग कोरडा गेला की पोरं बेडूक बांधून, कडुलिंबाचा पाला गुंडाळून धोंडी काढतात, घरोघरी बाया त्यांच्यावर पाणी ओततात. हे तिला यांनी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, सूनबाईनं इंग्रजी करून दिलं. मग ती स्वतःच आमच्यापाशी थांबली आणि बाकीचे पुढे गेले.

तक्रार एकच. परतताना बस एका दुकानापाशी थांबली आणि तिथे गेलेला वेळ अवशेषांना मिळाला असता तर बरं झालं असतं. सहल घेताना दुकानाचा थांबा आहे का तेही विचारून घ्या. चढायला इथे फारसं नाही, जमीन सपाट आहे, तेव्हा गुडघ्याच्या माणसाला ही जागा सोयीची. आमच्या यांचे दोन्ही गुडघे दुखतात, तरी सगळं पाहून झालं. हवा मात्र जपून. आपलं यवतमाळचं ऊन कोरडं, 45 अंशांतही सावलीत बसलं की निभतं. तिथे तीस अंशांतच अंगावरचा घाम वाळत नाही. पाणी जास्त घ्या, डासांचं मलम सकाळी जहाजावरच लावा.

बेलीझला निवड सर्वांत अवघड होती आणि सर्वांत चांगली झाली. तिथे किनाऱ्याजवळ पाणी उथळ आहे, म्हणून जहाज दूर समुद्रात नांगर टाकतं आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर जावं लागतं. या बोटींची रांग लागते. जहाजाचीच सहल घेतलेल्यांना आधी उतरवतात, आणि बेलीझला तेवढ्यासाठी तरी जहाजाची सहल घ्यावी. शिवाय परतायला उशीर झाला तर जहाज स्वतःच्या सहलीसाठी थांबतं, बाहेरून घेतलेल्या सहलीसाठी थांबत नाही. जिथे रस्ता लांब आहे तिथे हा फरक पैशांपेक्षा मोठा आहे.

तीन नावं होती. शुनान्तुनिच ग्वाटेमालाच्या सीमेजवळ, तिथला मोठा पिरॅमिड 40 मीटरचा, पण रस्त्यात दोन तास जातात आणि दोन तास येताना. ‘अल्तुन हा’ हे ठिकाण बेलीझ सिटीपासून पन्नासेक किलोमीटरवर, तासाभरात पोचता येतं. तिथे 1968 साली एका थडग्यात सूर्यदेवाचं म्हणून ओळखलं जाणारं हिरव्या जेडचं मस्तक सापडलं, वजन 4.42 किलो, एका अखंड दगडातून कोरलेलं. बेलीझच्या नोटांवर तिथलं देऊळ छापलेलं आहे. लहान मुलं बरोबर असतील, लांब बोटीचा प्रवास नको असेल तर डोळे मिटून ‘अल्तुन हा’ घ्या.

आम्ही लामानाय घेतलं. माझ्या तासांच्या कागदावर ते खरं तर मागे होतं, कारण बस आणि नदीतली बोट मिळून वेळ बराच जातो. पण इथे माझाच नियम मी बाजूला ठेवला, कारण इथला प्रवास म्हणजे वाया जाणारा वेळ नाही. न्यू रिव्हर ही नदी. आधी बसनं उसाच्या पट्ट्यातून जायचं, मग उघड्या मोटारबोटीत बसून तासाभराची जलसफर. बोट वेगात असते तेव्हा वारा कानात भरतो, मग वळणावर नावाडी एकदम वेग कमी करतो आणि हातानं दाखवतो: काठावर निश्चल पडलेली मगर, झाडाच्या खोडाला ओळीनं चिकटलेली छोटी वटवाघळं, कमळाच्या पानांवरून लांब बोटं टाकत चालणारा कमळपक्षी. नवेगाव बांधच्या तलावावर त्याचा भाऊबंद पाहिलेला, तेव्हा यांनी तो गाइडच्या आधी ओळखला. पाठीचं दुखणं असेल तर बोटीत मागे बसा, पुढच्या बाजूला आपटतं.

बोटीतून उतरलं की लामानायचा धक्का तळ्याच्या काठी आहे, आणि तिथून पुढे जंगल. हे शहर किती काळ वसलेलं होतं हे लक्षात घेतलं तर बाकीची नावं लहान वाटू लागतात. सुमारे तीन हजार वर्षं इथे माणसं राहत आली. दक्षिणेकडची मोठमोठी माया शहरं नवव्या-दहाव्या शतकात ओस पडली, लामानाय चालूच राहिलं. स्पॅनिश लोक आले तेव्हाही इथे वस्ती होती. त्यांनी चर्च बांधलं, माया लोकांनी बंड करून ते जाळलं. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी इथेच साखर कारखाना काढला, त्याचं गंजलेलं यंत्र झाडाच्या मुळांत अजून अडकलेलं आहे. एकाच दुपारी तुम्ही पिरॅमिड, चर्च आणि कारखाना तिन्ही पाहता. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला अशी जागा दुसरी मिळणं कठीण.

मुखवट्यांच्या देवळापाशी मी सगळ्यात जास्त थांबले. पायऱ्यांच्या बाजूला दगडात घडवलेला चेहरा, माणसाच्या दुप्पट उंच, डोक्यावर मगरीचा शिरपेच. रुंद नाक, जाड ओठ, शांत डोळे. हे देऊळ पाचव्या-सहाव्या शतकातलं. त्याच्या थोडं आधी आपल्याकडे नंदिवर्धनला, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनला, वाकाटकांचं राज्य होतं आणि प्रभावतीगुप्ता मुलांच्या वतीनं कारभार पाहत होती. वर्गात मी हे दोन काळ कधी एकत्र शिकवले नव्हते, पुस्तकातही ते एकत्र नसतात. तिथे उभी राहून मला ते पहिल्यांदा शेजारी शेजारी दिसले.

उंच देऊळ 33 मीटरचं. वर चढू देतात. पायऱ्या उंच आहेत, मी हातांचा आधार घेत, थांबत थांबत गेले. हे खाली सावलीत बसले. माथ्यावरून जंगलाचा हिरवा सपाट पसारा आणि मधून वळत गेलेलं तळं दिसतं. माकडांचा आवाज तिथे इतका मोठा येतो की पहिल्यांदा वाघ असावा असं वाटतं. ती हाउलर माकडं, झाडावर निवांत बसून ओरडत असतात. चेंडूच्या खेळाचं मैदान इथलं लहान आहे, पण त्याच्या मधल्या दगडाखाली उत्खननात झाकण असलेल्या भांड्यात चक्क पारा सापडला. तो तिथे का ठेवला असेल यावर गाइडनं आम्हाला विचारात पाडलं आणि स्वतःचं उत्तर लगेच सांगितलं नाही. असा गाइड मला शाळेत शिक्षक म्हणून हवा होता.

लामानायला फक्त एक अडचण, दिवस दमवणारा आहे. सकाळी लवकर निघून संध्याकाळी शेवटच्या बोटीनं जहाजावर आलो. ज्यांना तासभर उन्हात बोटीत बसणं जमणार नाही त्यांनी हट्ट करू नये.

जेवणाबद्दल इथेच सांगते, कारण शाकाहारी माणसाची खरी पंचाईत सहलीच्या जेवणात होते. बेलीझला नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात असतो आणि दिसायला तो आपल्याला चालणारा असतो, पण त्यात मांसाचा तुकडा घालायची पद्धत आहे. मेक्सिकोत घोटलेला राजमा बहुतेक ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात. सूनबाईनं जहाजावरच सहलीच्या काउंटरवर आमची नावं शाकाहारी म्हणून लिहून घेतली, म्हणून आम्हाला वेगळं ताट मिळालं. मक्याच्या ताज्या पोळ्या मात्र पोटभर खा. मका चुन्याच्या पाण्यात भिजवून, दळून करतात, चव वेगळीच आणि पचायला हलकी. भोपळ्याच्या बिया वाटून केलेली टोमॅटोची चटणी मिळाली तर सोडू नका. हाबानेरो मिरचीला हात लावताना आपण वऱ्हाडचे आहोत हा अभिमान बाजूला ठेवावा, ती फार तिखट असते. जहाजावरचं ताजं अन्न आणि फळं खाली न्यायला बंदी असते. आम्ही घरचा चिवडा पाकिटं सीलबंद करून नेला होता, तो चालला.

कोझुमेलला आमची फूट पडली. मुलगा आणि सूनबाई तुलुमला गेले, आम्ही दोघं बेटावरच राहून सान हर्वासियोला.

तुलुमचं त्यांनी जे सांगितलं ते प्रामाणिकपणे लिहिते. कॅरिबियन समुद्राच्या कड्यावर, साधारण 12 मीटर उंचीवर उभं असलेलं तटबंदीचं शहर, खाली निळं-हिरवं पाणी. तिथलं दृश्य फोटोत येतं त्याहून सुंदर आहे असं सूनबाई म्हणते. एका देवळाच्या दारावर डोकं खाली, पाय वर असा उतरणारा देव कोरलेला आहे, त्याचा फोटो तिनं मला आणून दाखवला. तुलुम हे उशिराचं शहर, तेराव्या ते पंधराव्या शतकात भरभराटीला आलेलं, आणि 1518 साली स्पॅनिश जहाजांनी समुद्रातून ते पाहिलं तेव्हा नांदतं होतं. पण जाताना फेरीबोट इतकी हलली की मुलाला उलटी झाली, मग बसचा तास, आणि अवशेषांपाशी मिळालेला वेळ दीड तासाच्या आत. देवळांना दोऱ्या बांधलेल्या, आत जाता येत नाही, सावली नाही. पोरांचं वय आहे, त्यांना ते झेपलं आणि आवडलं. समुद्राचं वेड असेल तर तुलुम घ्या. आईवडिलांना घेऊन मात्र नको.

सान हर्वासियोला जहाजाच्या सहलीची गरज नाही असं माझं मत झालं. ते त्याच बेटावर, आत जंगलात आहे, धक्क्यावरून टॅक्सीनं अर्ध्या तासाच्या आत. मोठे पिरॅमिड नाहीत. लहान लहान देवळं, ओटे, पांढऱ्या चुनखडीच्या जुन्या वाटा आणि त्यातल्या एका वाटेवर कमान. एका वास्तूच्या भिंतीवर लाल हाताचे ठसे आहेत. दगडादगडावर मोठे सरडे, इग्वाना, ऊन खात बसलेले. पत्रकातला फोटो पाहून कोणी तिथे जाणार नाही, आणि जहाजावरचे लोक आम्हाला तसंच सांगत होते.

आम्ही गेलो ते इश्चेलसाठी. ही बाळंतपणाची, औषधांची, चंद्राची आणि विणकामाची देवी. मुख्य भूमीवरच्या बाया होड्यांतून समुद्र ओलांडून तिच्या दर्शनाला कोझुमेलला यायच्या. जमलं तर आयुष्यात एकदा तरी यावं अशी श्रद्धा होती. 1519 साली स्पॅनिश सेनानी कोर्तेस या बेटावर उतरला आणि त्यानं इथल्या मूर्ती फोडून क्रूस उभा केला. त्यामुळे आज देवळात देवी नाही. पण आलेल्या बायांचा रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावरून मी चालले.

आणि कापूस. हे मला तिथे उभं राहून यांना सांगायचं होतं, म्हणूनच मी हट्टानं इथे आणलं. आज आपण यवतमाळ जिल्ह्यात लावतो तो बीटी कापूस गॉसिपियम हिर्सुटम या जातीचा. 2002 साली आपल्याकडे त्याच्या बियाण्याला परवानगी मिळाली आणि बघता बघता सगळी रानं त्याचीच झाली. ती जात मूळची मेक्सिकोकडची. युकातानच्या उत्तर किनाऱ्यावर वाळूत तिची रानटी झुडपं अजून आपोआप उगवतात. आपल्या आज्यांच्या काळातला गावरानी कापूस वेगळा, गॉसिपियम आर्बोरियम, तो आपल्याकडचा. या माया बायांनी तो मेक्सिकोकडचा कापूस वेचला, चातीवर सूत काढलं, कमरेला पट्टा बांधून चालवायच्या मागावर कापड विणलं, आणि त्या कामाची देवी ही इश्चेल. स्पॅनिश राजवटीत त्यांच्याकडून खंडणी घेतली जायची तीही विणलेल्या कापडाच्या रूपात.

हे ओट्यावर बसून ऐकत होते. बोंडअळी, भाव, कर्ज, या कापसानं आम्हाला काय काय दाखवलं ते आम्हा दोघांना माहीत आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘म्हणजे याचं माहेर हे आहे तर.’ आणि उठून प्रत्येक ओट्यापाशी जाऊन आले, गुडघे दुखत असताना. आम्हाला कोणी घाई करणारं नव्हतं. तुलुम किंवा चिचेन इत्सात हे झालं नसतं.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. शेतकरी घरातून आला असाल, बायकांचा गट असेल, चालायला त्रास होत असेल, तर कोझुमेलला सान हर्वासियोच घ्या. पिरॅमिडची हौस लामानाय किंवा चाकचोबेनला फेडा.

आता व्यवहाराचं. हिवाळ्यात कोझुमेल आणि कोस्टा मायाचं घड्याळ टेक्ससच्या एक तास पुढे असतं. बेलीझचं नसतं. मोबाइल आपोआप तिथली वेळ दाखवू लागतो आणि जहाज स्वतःच्या वेळेवर चालतं, तेव्हा मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवा आणि तेच पाहा. अमेरिकेचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे ना हे तिकीट काढण्याआधी पाहून घ्या. तोच चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोसाठी भारतीयांना वेगळा व्हिसा लागत नाही. पायात बूट घाला, ओलसर चुनखडीवर चप्पल घसरते. टोपी हवीच.

सान हर्वासियोला जाताना टॅक्सीवाल्याशी जाण्या-येण्याचं आणि तिथे थांबण्याचं मिळून भाडं गाडीत बसण्याआधी ठरवा, कारण तिथून परत यायला दुसरी गाडी सहजी मिळत नाही. गाइड दारापाशीच मिळतात. इश्चेल आणि विणकाम याबद्दल विचारायचं आहे असं आधीच सांगा, म्हणजे तो त्याप्रमाणे फिरवतो. ती जागा दुपारनंतर लवकर बंद होते, म्हणून जहाजातून उतरल्या उतरल्या सकाळीच निघा.